मिळालेले तारण हरवते का? चांद्याच्या वाटेवरचा एक जुना प्रश्न

नागपूरहून चांद्याला जाणारी वाट वरोऱ्यावरून भांदकला येते आणि पुढे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, परकोटाकडे जाते. भांदक म्हणजे आमची भद्रावती. विजासनच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी, पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि भद्रनागाचे देवस्थान, एवढे सगळे या एका गावाच्या शिवारात आहे. माणसे धर्म धरतात आणि सोडतात, हे इथल्या मातीने फार पूर्वीपासून पाहिले आहे. १९५६ साली नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढची मोठी दीक्षा चांद्यालाच दिली. त्याच्याही ऐंशीएक वर्षे आधी, १८७० नंतरच्या दशकात, याच चांद्याला ख्रिस्ती मिशनच्या सुरुवातीच्या कामासाठी एक धर्मगुरू आला होता. तो इंग्रज नव्हता. काशीत वाढलेला चित्पावन ब्राह्मण होता, न्याय आणि वेदान्त पढलेला शास्त्री होता. त्याचे नाव नीळकंठ गोरे; बाप्तिस्म्यानंतरचे नाव नेहेमिया.

गोऱ्यांनी धर्म बदलला ही गोष्ट महाराष्ट्रात थोडीफार माहीत आहे. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात त्यांचे नाव येते, तेवढ्यापुरते. त्यांच्या आयुष्यातली खरी विलक्षण गोष्ट मात्र धर्मांतरानंतरची आहे. ज्या श्रद्धेसाठी त्यांनी घर, ज्ञाती आणि काशीतली प्रतिष्ठा सोडली, त्या श्रद्धेविषयीच्या शंकांनी त्यांचा पाठलाग अखेरपर्यंत सोडला नाही. अशा माणसाचे तारण झाले असे म्हणायचे का? आणि एकदा झालेले तारण शंकेने, पापाने, धर्मत्यागाने हातचे जाते का? ख्रिस्ती जगात दीड हजार वर्षे घोळत असलेला हा वाद एकोणिसाव्या शतकात मराठी माणसांच्या घरात शिरला. त्या घरांची ही हकीगत आहे.

आधी वादाचे मूळ पाहू. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढले की प्रत्येकाने रोमच्या देवतांना नैवेद्य दाखवावा आणि तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने ते केले. छळ ओसरल्यावर तेच लोक मंडळीच्या दाराशी परत आले. त्यांना आत घ्यायचे का? रोमचा नोव्हेशियन म्हणाला, नाही. ज्याने प्रभूला नाकारले त्याला क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, घ्यायचे. पण प्रायश्चित्त देऊन, आणि ज्याची जेवढी चूक तेवढे प्रायश्चित्त. सिप्रियनचे म्हणणे टिकले. पण शास्त्रवचनांतली ओढाताण तशीच राहिली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय सांगतो की एकदा प्रकाश मिळून जे मागे फिरले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू सांगतो की त्याच्या मेंढरांना त्याच्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. दोन्ही वचने एकाच पुस्तकात आहेत, आणि दोन्हींवर जीव टाकणारी माणसे आहेत.

युरोपात धर्मसुधारणा झाली तेव्हा या ओढाताणीतून स्वतंत्र पंथच उभे राहिले. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेत आणि पुढे १६४६ च्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात ठरवून टाकले की देवाने ज्याला निवडले तो पडेल, अडखळेल, काही काळ अंधारात जाईल, पण अखेरचा नाश त्याचा होणार नाही. कॅथलिकांनी ट्रेंटच्या धर्मसभेत १५४७ मध्ये उलट निर्णय दिला: प्राणघातक पापाने कृपा जाते आणि पापनिवेदनाने परत मिळते. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने कॅल्व्हिनवाद्यांशी उघड वाद घातला. विश्वासी माणूस खरोखर पडू शकतो, म्हणून त्याने रोज जागे राहावे, हे मेथडिस्टांचे सूत्र झाले. इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळीच्या ३९ कलमांपैकी सोळावे कलम मधली वाट धरते: पवित्र आत्मा मिळाल्यावरही माणूस कृपेपासून ढळू शकतो, आणि देवाच्या कृपेने पुन्हा उठू शकतो.

आता हा सगळा वाद नागपूर-सिरोंचा वाटेवर मांडून पाहा. नागपुरात १८४५ पासून फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप काम करत होते. शाळा, प्रवचने, गोंडांच्या चालीरीतींच्या नोंदी आणि दगडांतले जीवाश्म हे सगळे त्यांनी सारख्याच आस्थेने केले. चांदा जिल्ह्यातल्या मांगलीच्या खडकातले जीवाश्म त्यांनी जगापुढे आणले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. त्यांची मंडळी वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राची. चांद्यात काम उभे केले तेही स्कॉटलंडच्याच लोकांनी, पण एपिस्कोपल मंडळीच्या. म्हणजे बिशप मानणाऱ्या, अँग्लिकन वळणाच्या. आणखी दक्षिणेला प्राणहिता-गोदावरीच्या काठी सिरोंचाला अमेरिकन मेथडिस्टांचे ठाणे झाले. नागपुरात कॅथलिक धर्मगुरू होतेच. एका वाटेवर तारणाविषयी चार मते नांदत होती. नागपूरच्या प्रवचनात ऐकायचे की तू निवडलेला असशील तर हरवणार नाहीस, आणि सिरोंचाच्या प्रवचनात ऐकायचे की सांभाळून राहा, हरवशील. त्या वाटेने चाललेल्या एखाद्या नव्या ख्रिस्ती कुटुंबाच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार मिशनच्या अहवालांत दिसत नाही. पाश्चात्त्य मंडळ्यांनी आपली भांडणे इथे जशीच्या तशी आणली, आणि ती ज्यांच्या माथी मारली त्यांना त्या भांडणांचा इतिहास माहीत नव्हता. हा माझ्या मते त्या काळातला मोठा अन्याय आहे.

मराठी माणसासाठी हा प्रश्न इतका टोकाचा का झाला, ते मुंबईच्या एका प्रकरणावरून कळते. १८४३ च्या सप्टेंबरात नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला, त्यांच्यासोबत जेवला. बाप सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलाला बापाच्या ताब्यात दिले. पण घरी आणले म्हणजे ज्ञातीत आणले असे नव्हते. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, असा पक्ष ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी घेतला. मुंबईची ब्राह्मण ज्ञाती दुभंगली. ख्रिस्त्यांच्या हातचे अन्न पोटात गेलेल्या मुलाला शुद्धी नाही, असे म्हणणारे शास्त्री होते. बाळशास्त्रींवरच बहिष्काराची भाषा झाली. कार्थेजच्या दाराशी जो प्रश्न उभा होता तोच इथे दुसऱ्या बाजूने उभा राहिला: गेलेल्याला परत यायला वाट आहे का? नोव्हेशियन आणि सिप्रियन दोघेही गिरगावात हजर होते, फक्त धोतर-पागोट्यात.

या प्रकरणाचा अर्थ प्रत्येक संभाव्य धर्मांतरिताला लख्ख कळला. बाप्तिस्मा घेतला की मागचे दार बंद. आई-बाप सुतक पाळणार, बायकोला माहेरचे घेऊन जाणार, विहिरीवर पाणी मिळणार नाही. अशा माणसाला मागे काही उरलेले नसते. पुढे जे मिळाले तेही हरवू शकते असे कोणी सांगितले, तर त्याच्या पायाखाली जमीन कुठली? एडिंबरोतला विद्यार्थी हा प्रश्न परीक्षेच्या पेपरात सोडवत होता. मुंबई-पुण्याच्या धर्मांतरितावर तो रात्री अंथरुणात चालून येत होता.

नीळकंठ गोऱ्यांचे असेच झाले. जन्म ८ फेब्रुवारी १८२५, झाशीजवळच्या काशीपुऱ्याचा, वाढ काशीची. वडील शिवरामपंत. घरात शिवोपासना, नीळकंठ मात्र विष्णुभक्तीकडे वळलेले. विल्यम स्मिथ नावाचा मिशनरी काशीत प्रवचने करत असे. त्याला वादात गप्प करावे म्हणून विशीतला हा शास्त्री त्याच्याकडे गेला. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. नीळकंठांनी तिला उत्तर म्हणून संस्कृतातच ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. त्या वादातला पंडितांचा एक आक्षेप फार जोरकस होता. एका छोट्या जन्मातल्या चुकीसाठी अनंतकाळ नरक हा कुठला न्याय? आमच्याकडे कर्माचा हिशेब जन्मोजन्मी चालतो, चुकलेल्याला पुन्हा संधी असते. तुमच्याकडे एकच डाव. हा आक्षेप गोऱ्यांनी मनापासून घेतला होता. म्हणूनच पुढे ते स्वतः ख्रिस्ती झाले तेव्हा तो आक्षेप बाहेर ठेवून येणे त्यांना जमले नाही. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि अनंत शिक्षेचा प्रश्न त्यांच्यासोबतच आत आला.

पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आली, तिनेही बाप्तिस्मा घेतला आणि १८५३ मध्ये मुलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. मुलगी एलन लक्ष्मी इंग्रज कुटुंबांत वाढली. १८५४ मध्ये गोरे महाराजा दुलीपसिंगांच्या परिवारासोबत इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डला मॅक्स म्युलरने त्यांना पाहिले आणि पुढे आठवणींत लिहून ठेवले की हा तरुण फार खचलेला होता. नव्या करारात वाचलेली प्रीतीने भरलेली मंडळी शोधायला तो आला होता, आणि लंडनच्या रस्त्यांवर त्याला ती सापडली नाही. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. ग्रंथांवरून पटलेला धर्म डोळ्यांनी पाहिल्यावर मोडून पडण्याचा हा क्षण होता. गोरे तिथून परत फिरू शकले असते. ते फिरले नाहीत. परतल्यावर त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला. १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि हिंदू दर्शनांवरचा ख्रिस्ती बाजूचा सर्वांत भक्कम ग्रंथ म्हणून तो गाजला. दुसऱ्यांच्या शंकांना उत्तरे देण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वतःच्या शंकांपुढे मात्र तो हतबल होता.

मग त्यांनी आधार कुठे शोधला? सुरुवातीचे त्यांचे मिशन सुवार्तावादी वळणाचे होते: मनातला विश्वास हाच पुरावा, मनाची खात्री हीच खूण. गोऱ्यांच्या मनात खात्री टिकतच नसे. ज्याचे मन रोज हलते त्याने मनावर विसंबायचे कसे? त्याच सुमारास इंग्लंडमध्ये गोरहॅम नावाच्या पाळकावरून मोठा खटला चालला होता. बाप्तिस्म्याने बाळाला नवा जन्म मिळतोच असे नाही, असे गोरहॅमचे मत. बिशपने त्याला नेमणूक नाकारली. १८५० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गोरहॅमच्या बाजूने निकाल दिला आणि अनेक अँग्लिकन धर्मगुरू त्या संतापात रोमच्या मंडळीकडे गेले. गोरे हळूहळू गोरहॅमला विरोध करणाऱ्या, संस्कारांवर भर देणाऱ्या अँग्लिकन गटाकडे सरकले. बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि पापनिवेदन या गोष्टी मनाच्या लहरीवर अवलंबून नसतात. आज विश्वास दाटून आला नाही तरी भाकर तीच असते, द्राक्षारस तोच असतो. अस्वस्थ मनाच्या माणसाला ते बाहेरचे बळ लागते. कर्मकांड सोडून आलेल्या शास्त्र्याने पुन्हा विधींचा आधार घेतला, अशी टीका यावर होऊ शकते. मला ती वरवरची वाटते. आपल्या मनाचा भरवसा नाही हे ज्याने प्रामाणिकपणे ओळखले, त्याने आपल्याबाहेरचा खांब धरला.

१८६८ मध्ये ते डीकन झाले, १८७० मध्ये धर्मगुरू. चांद्याचे दिवस यानंतरचे. तेव्हाचा चांदा म्हणजे गोंड राजांचा परकोट आणि भोवती दाट जंगल. वरोऱ्याच्या कोळशामुळे आगगाडी नुकती कुठे या मुलखात येऊ घातलेली. काशीच्या पंडितसभेत शोभणारा माणूस इथे कोणाशी न्यायशास्त्र बोलणार होता? पण त्यांनी एका ठिकाणी मुळे रोवलीच नाहीत. महू, इंदूर, कलकत्ता, पुणे, मुंबई असे ते फिरत राहिले. ऑक्सफर्डजवळच्या काउली गावी फादर बेन्सन यांनी १८६६ मध्ये संन्यस्त धर्मगुरूंचा संघ काढला होता. गोरे १८७६ मध्ये इंग्लंडला जाऊन त्या संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. उमेदवारी संपली की आजन्म व्रते घ्यायची असतात. त्यांनी ती कधीच घेतली नाहीत. जवळजवळ वीस वर्षे, मरेपर्यंत, ते उमेदवारच राहिले. ज्या शब्दावर आपले मन शंभर टक्के उभे नाही तो शब्द देवापुढे उच्चारायचा नाही, एवढी त्यांची सचोटी होती.

अशा या माणसाने आपल्या काळातली सर्वांत मोठी मराठी विदुषी ख्रिस्ती धर्माकडे वळवली. १८८२-८३ मध्ये पुण्यात पंडिता रमाबाईंशी त्यांची भेट झाली. रमाबाई तेव्हा पंचविशीत. पती बिपिनबिहारी मेधावी वारलेले, मुलगी मनोरमा कडेवर, आर्य महिला समाज नुकता स्थापलेला. गोऱ्यांच्या बोलण्यातला नम्रपणा आपल्या मनाला भिडला, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात असताना गोऱ्यांचे एक दीर्घ पत्र त्यांना आले, ख्रिस्ती धर्म ईश्वराकडून आलेला आहे याचे पुरावे मांडणारे; त्याने त्यांची बुद्धी पटली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढा गहजब झाला ते सर्वांना माहीत आहे. त्या गहजबामागे वाँटेजमध्ये जे सुरू झाले ते कमी लोकांना माहीत आहे.

बाप्तिस्म्याला दोन वर्षेही झाली नव्हती, आणि रमाबाई त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर प्रश्न विचारू लागल्या. मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. जेराल्डिनना वाटले, ही मुलगी हातची चालली. हा विद्येचा गर्व आहे, मंडळीच्या अधिकारापुढे ती मान वाकवत नाही. रमाबाईंचे उत्तर ठाम होते: पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मोकळी झाले, आता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, देवाने दिलेली विवेकबुद्धी वापरण्याचा हक्क मी सोडणार नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र समजुतीने त्यांच्या शंका ऐकून घेतल्या. ही सगळी पत्रे जेराल्डिननी जपून ठेवली आणि १९७७ मध्ये ती ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने आली. ती वाचताना माझे मन सतत रमाबाईंच्या बाजूने जाते, पण जेराल्डिनचा राग येत नाही. त्यांची भीती खरी होती. त्यांच्या श्रद्धेनुसार एक आत्मा बुडत होता, आणि तो वाचवण्याची जबाबदारी त्यांची होती.

पुढे जे घडले त्याने दोघींचेही गणित चुकले. रमाबाई अमेरिकेला गेल्या, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ लिहिले, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मकथन त्यांच्या हाती पडले. हा हॅस्लम वर्षानुवर्षे दुसऱ्यांना बाप्तिस्मा देत होता, प्रवचने करत होता. आणि एका रविवारी स्वतःचेच प्रवचन करता करता त्याला उमगले की आपलेच तारण झालेले नाही. रमाबाईंना आरशात पाहिल्यासारखे झाले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःविषयी काढला. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, मोठी किंमत मोजल्यानंतर, ही बाई म्हणते की माझे तारण आता झाले. जेराल्डिनना जे हरवत आहे असे वाटत होते ते रमाबाईंच्या मते तेव्हा मिळालेलेच नव्हते.

यानंतर रमाबाईंच्या लिखाणात आणि कामात जी खात्री दिसते तिच्यात पुन्हा खंड पडत नाही. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी शारदासदनाचा हात सोडला, तरी त्या डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली-विधवांना केडगावला घेऊन आल्या. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. जून १९०५ मध्ये मुक्तीत मुलींच्या प्रार्थनेला रडण्याचा, पापे कबूल करण्याचा जो पूर आला त्याची बातमी जगभर गेली. मिनी अब्राम्स ही मेथडिस्ट कार्यकर्ती तिथे होती. तिने त्यावर लिहिलेली पुस्तिका दूरच्या देशांतही वाचली गेली. टीकाकार तेव्हा म्हणाले, हा उन्माद आहे, ओसरेल. काही जणींचा ओसरलाही असेल. रमाबाई मात्र ५ एप्रिल १९२२ ला प्राण जाईपर्यंत कामात होत्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळे बायबल मूळ भाषांवरून आणण्याचे काम त्यांनी शेवटच्या दिवसांत पुरे केले.

गुरू शंकेत आणि शिष्या खात्रीत, असे हे दोघे. गोरे २९ ऑक्टोबर १८९५ ला मुंबईत वारले. खात्री हीच तारणाची खूण धरली तर गोऱ्यांना बाहेर काढावे लागते, आणि सिद्धांताशी एकनिष्ठा ही खूण धरली तर १८८५ च्या रमाबाईंना. दोन्ही मापे मला खोटी वाटतात. कॅल्व्हिनच्या अनुयायांचे एक म्हणणे इथे कसोटीवर घासून पाहावे लागते: जो अखेर सोडून जातो तो खरा कधी नव्हताच. ऐकायला सोपे आहे. पण मग आज उभा असलेला कोणीही आपण खरे की खोटे हे मरेपर्यंत सांगू शकत नाही, आणि जी खात्री द्यायला हा सिद्धांत निघाला तीच त्याने हिरावली जाते.

सोडून जाण्याचे खरे उदाहरण आमच्या भागाशी जोडलेले आहे. व्हेरियर एल्विन हा बिशपचा मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला अँग्लिकन धर्मगुरू, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला आणि गांधींच्या ओढीने गोंडांत काम करायला मंडल्याकडे निघाला. सोबत शामराव हिवाळे, मराठी ख्रिस्ती तरुण. नागपूरचे बिशप तेव्हा अ‍ॅलेक्स वुड होते. बिशप होण्याआधी त्यांनी चांद्याच्या मिशनात अनेक वर्षे काढली होती. एल्विनने राजनिष्ठेची शपथ घ्यायला आणि धर्मांतराचे काम करायला नकार दिला, आणि वुड यांनी त्याला धर्मगुरू म्हणून काम करण्याची परवानगी नाकारली. १९३५ मध्ये एल्विनने मंडळीच सोडली. पुढची तीस वर्षे तो आदिवासींमध्ये राहिला, बस्तरच्या माडिया-मुरियांवर त्याने लिहिलेली पुस्तके आजही गडचिरोलीच्या अभ्यासकाला लागतात. १९६४ मध्ये तो वारला तेव्हा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला. वुड यांचे वागणे नियमाला धरून होते. तरी मला वाटते, चांद्याच्या जंगलात आयुष्य घालवलेल्या माणसाला एल्विनची तळमळ ओळखता यायला हवी होती. एका परवान्याच्या कागदावरून जो दुरावा सुरू झाला त्याचा शेवट श्रद्धा सोडण्यात झाला. त्याचा सगळा दोष एल्विनच्या माथी मारणे मला मान्य नाही.

नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची चाकरी सोडली, पण ती ख्रिस्त सोडण्यासाठी नव्हे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा देणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी काढला. मिशनच्या दप्तरी ते बाहेर पडले. ख्रिस्ती मराठी घरांत त्यांची भजने आजही म्हटली जातात.

या सगळ्या मोठ्या नावांची पत्रे आहेत, चरित्रे आहेत, आत्मवृत्ते आहेत. चांदा, बल्लारपूर, सिरोंचाच्या साध्या ख्रिस्ती माणसांचे तसे नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला तेव्हा मिशनच्या आश्रयाला आलेली पोरे, कोतवालाची नोकरी गेली तरी बाप्तिस्मा न नाकारणारा कोणी, किंवा गावाने वाळीत टाकल्यावर मुकाट्याने परत गेलेले एखादे कुटुंब. यांना तारण हरवण्याची भीती कशी वाटली, पाळकाने त्यांना काय सांगितले, परत गेलेल्यांसाठी मंडळी रडली की त्यांची नावे नुसती खोडली, हे त्यांच्या शब्दांत कुठेच मिळत नाही. मिळतात ते मिशनरींचे वार्षिक आकडे. १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार मंडळीचे चांद्यासाठी वेगळे धर्मक्षेत्र झाले, १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि त्याचे ठाणे आज बल्लारपूरला आहे. म्हणजे या जिल्ह्याच्या ख्रिस्ती इतिहासात आणखी एक जुनी, वेगळी परंपरा मिसळली. ती लिहायला उशीर झाला तर तीही आकड्यांपुरती उरेल.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ज्या घरांत आजोबा-पणजोबांची बाप्तिस्म्याची प्रमाणपत्रे, जुनी मराठी गीतपुस्तके, प्रार्थनेच्या वह्या, पाळकांची पत्रे किंवा दुष्काळातल्या आठवणी शिल्लक असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलते करून टिपून घ्यावे आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे किंवा मंडळीच्या दप्तरात त्याची एक प्रत द्यावी. जे मंडळी सोडून गेले त्यांच्या घरांतली कागदपत्रेही तितकीच मोलाची आहेत. ती आधी मागावीत.